रागाची वाफ, रागाचा पारा

इंग्रजीत माणूस रागावला की त्याच्या देहाचे झाकणबंद भांडे होते. आतला द्रव उकळतो, वाफ कोंडते आणि अखेर झाकण उडते. जॉर्ज लेकॉफ व झोल्टान कोवेचेश यांनी इंग्रजीतील रागाच्या वाक्प्रचारांचे जे विश्लेषण केले (लेकॉफ यांच्या १९८७ च्या ग्रंथात ते आहे), त्याचा गाभा हाच. 'लेट ऑफ स्टीम' हा प्रयोग तर वाफेच्या इंजिनाचीच देणगी.

ते इंजिन १८६७ साली नागपुरास पोहोचले; वाक्प्रचार मात्र मराठीत रुजला नाही. आमच्या मते 'तोंडाची वाफ दवडणे' या प्रयोगाने ती जागा आधीच अडवली होती. आपल्याकडे तोंडची वाफ रागाची नव्हे, निष्फळ बोलण्याची!

पित्ताची गोष्ट निराळी. 'कॉलरिक' हा शब्द ग्रीकमधील पित्तवाचक शब्दापासून आला, आणि आपले पित्त आयुर्वेदाच्या आधाराने खवळते. येथे उसनवारी कोणाचीच नाही. दोन वैद्यकांनी रागाला शरीरातील जवळपास एकच पत्ता दिला. 'पारा चढणे' मात्र उघडच आधुनिक. फॅरनहाइटचा पाऱ्याचा तापमापक १७१४ चा.  नागपूरच्या मे महिन्यात हा प्रयोग हवामानाच्या बातमीत आणि घरातल्या भांडणात एकाच अर्थछटेने वावरतो.

मराठीचे खरे वैभव मात्र चुलीपाशी आहे. 'तळपायाची आग मस्तकात जाणे' यात रागाला दिशा आहे, चढण आहे. 'अंगाचा तिळपापड होणे' यात विस्तवावर तडतडणारे तीळ आणि आक्रसणारा पापड दिसतो. हा राग बहुधा हतबल माणसाचा. 'दातओठ खाणे' म्हणजे बाहेर पडू न दिलेला राग, तर 'आगपाखड करणे' म्हणजे समोरच्यावर बरसलेला.

मोल्सवर्थने १८३१ च्या कोशात शब्दाखाली वाक्प्रचार नोंदवले, त्यांच्या छटा इंग्रजीत पकडण्याची धडपड केली. परभाषेत सांगायचे म्हणून त्याला भेद करावेच लागले. आजच्या शालेय गाइडांत या चारींपुढे बहुधा एकच उत्तर असते: 'खूप राग येणे'. तेच उत्तर पाठ करून आलेली मुले पुढे आमच्या एम.ए.च्या वर्गात बसतात, आणि कथेतले पात्र हतबल आहे की आक्रमक, हे त्याच्या रागाच्या शब्दावरून ओळखा म्हटले की गोंधळतात.