कृश आणि मेदस्वी : एका विरोधाचा अंत

‘कृश’ आणि ‘मेदस्वी’ ही विशेषणे परस्परविरोधी मानण्याचा भाषेचा प्रघात आहे. आयुर्वेदाने सप्तधातूंत मेदाला चौथे स्थान दिले. विसाव्या शतकातील वैद्यकाने मात्र त्याला बहुधा उष्मांकांचे कोठारच मानले. हे दोन्ही समज डळमळीत होण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे.

तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व अपत्ये यांचा मागोवा घेतला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत या नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो भरले. तूट मुख्यतः स्नायूंची व उदरातील इंद्रियांची होती. पाठीवरील त्वचेखालचा मेद जवळजवळ राखला गेला होता.

लंडनचे जॉन एस. युडकिन यांनी १९९९ मध्येच रक्तातील दाहाची चिन्हे मेदाशी जोडली होती. २००३ मध्ये अमेरिकी संशोधकांना स्थूल उंदरांच्या व माणसांच्या मेदात भक्षकपेशींची दाटी आढळली. असा मंद, अखंड दाह हे वार्धक्याचेच लक्षण असल्याचे इटलीच्या फ्रान्चेस्की यांनी २००० मध्ये मांडले होते.

२००४ मध्ये याज्ञिक व युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; मेद मात्र याज्ञिकांचा २१.२ टक्के, युडकिनांचा ९.१. कित्येक कोष्टकांना न साधलेले काम या एका चित्राने केले.

त्या खेड्यांतील अपत्ये आता तिशीच्या आसपास आहेत. त्यांचे वार्धक्य कोणत्या वयात सुरू होते, हे अद्याप पाहावयाचे आहे.