मऊ भात शिजवतं कोण?

दात काढला की दवाखान्यातून एक कागद मिळतो. त्यावरची यादी थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच असते. पहिले चोवीस तास गरम काही नको. थंड दूध, दही, आइस्क्रीम चालेल. स्ट्रॉ वापरू नका, कारण ओढताना दाताच्या खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निसटू शकते. ती गेली की खालचं हाड उघडं पडतं आणि दुखणं लांबतं. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, कुस्करलेलं केळं. चिवडा, शेंगदाणे, कडक भाकरी आणि तिखट रस्सा काही दिवस बंद.

माझी अक्कलदाढ काढली तेव्हा हा कागद माझ्याही हातात आला. सूचना सगळ्या बरोबर होत्या. हे सगळं करून कोण देणार, एवढंच त्यात लिहिलेलं नव्हतं. सुजलेल्या गालाने कुकर लावताना मला पहिल्यांदा वाटलं, की या पथ्याचा इतिहास शोधायला हवा. शोधत गेलो तसं लक्षात आलं, की मऊ अन्न म्हणजे चावण्याचं काम तोंडाबाहेर आधीच उरकलेलं अन्न. ते काम कधी जात्याने केलं, कधी चुलीने, कधी कारखान्याने. पण जात्यापाशी आणि चुलीपुढे कुणीतरी माणूस बसलेलं असायचंच.

सुरुवात सुश्रुतापासून करू. सुश्रुतसंहितेत शस्त्रांच्या यादीत ‘दंतशंकू’ नावाचं दातांसाठीचं शस्त्र आहे. दात काढण्याबद्दल सुश्रुत सावध आहे. वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये, असं तो बजावतो. रक्तस्राव फार झाला तर डोळा जाऊ शकतो, तोंड वाकडं होऊ शकतं, ही त्याची भीती. त्याच भागात दाताच्या रोग्याने काय टाळावं याची यादीही आहे. आंबट फळं, थंड पाणी, कोरडं अन्न, फार कठीण पदार्थ आणि दात घासणं. थंड पाणी सोडलं, तर ही यादी आजच्या कागदावर सहज खपून जाईल. आपण आइस्क्रीम खातो आणि सुश्रुत थंड पाणीही नको म्हणतो. पण कठीण आणि कोरडं नको, यावर दोघांचं एकमत आहे.

मग खायचं काय? याचं उत्तर आयुर्वेदात एखाद्या जिन्यासारखं आहे. वमन-विरेचनासारख्या शोधनानंतर माणसाला एकदम जेवण द्यायचं नाही. आधी पेया, मग विलेपी, मग मुगासारख्या धान्याचं कढण, आधी साधं आणि मग तेल-मीठ घातलेलं, आणि शेवटी मांसरस. चरकाने सांगितलेला हा क्रम पोटातल्या अग्नीसाठी होता, हिरड्यांसाठी नव्हता. पण पातळाकडून घट्टाकडे, एकेक पायरी चढत जायची पद्धत तीच. नंतरच्या ग्रंथांनी पाण्याची मापंही ठरवून दिली. मंडासाठी तांदळाच्या १४ पट पाणी, यवागूसाठी ६ पट, विलेपीसाठी ४ पट. आपल्याकडची ‘पेज’ ही त्याच ‘पेये’ची नात. संस्कृतातली पेया प्राकृतात ‘पेज्जा’ झाली आणि आपल्या ताटलीत पेज होऊन आली.

ही पेज फक्त आजाऱ्यांची नव्हती. विनयपिटकातल्या महावग्गात बुद्ध भिक्खूंना यागू, म्हणजे यवागू, घ्यायची परवानगी देतो आणि तिचे दहा गुण सांगतो. ती आयुष्य देते, कांती देते, बळ देते, भूक आणि तहान भागवते, वात सरळ करते, अशी ती यादी आहे. भिक्खू स्वतः रांधत नव्हते. यागू शिजवायचे उपासक, आणि त्यातून त्यांना पुण्य मिळायचं. पेज देणाऱ्यालाही काहीतरी मिळतं, हा हिशोब इतका जुना आहे.

सोळाव्या शतकात ही पेज समुद्र ओलांडून गेली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. मुंबईचं बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३ साली त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. पटकीच्या रोग्याला इथले लोक मिरी आणि जिरं घातलेलं तांदळाचं पाणी देतात आणि त्याला ‘कांजे’ म्हणतात, अशी नोंद त्यात आहे. दक्षिणेतल्या ‘कंजी’चं हे पोर्तुगीज कानाने ऐकलेलं रूप. पुढे पोर्तुगीज भाषेत तो शब्द ‘कांजा’ म्हणून रुजला. त्यात कोंबडी पडली, आणि आज पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये आजारी माणसाला आई जे भाताचं सूप देते त्याला कांजा म्हणतात. इकडे गोव्यात आणि तळकोकणात उकड्या तांदळाची पेज लोणच्याच्या फोडीबरोबर अजून चालू आहे.

ही झाली ग्रंथांतली आणि प्रवासातली गोष्ट. घरातली गोष्ट वेगळी होती. तिथे मऊ अन्न आठवड्याभराचं पथ्य नव्हतं. एकदा दात गेले की ते कायमचे जायचे, आणि त्यानंतरची दहा-वीस वर्षं मऊ अन्नावरच काढायची असायची. पैसा आला तेव्हा दात नाहीत, याची चुटपुट आपल्या भाषेने दात आणि चण्यांच्या म्हणीत करून ठेवली. पुन्हा पुन्हा विनवण्या करून थकलो की आपण म्हणतो, ‘दाताच्या कण्या केल्या.’ कण्या म्हणजे भरडलेलं धान्य. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या हेच दात पडलेल्यांचं जेवण. दातांच्या कण्या झाल्या की धान्याच्या कण्या खायच्या, असा तो शब्द फिरून येतो.

या कण्या भरडायच्या कुणी? पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांनी. गिरण्या येईपर्यंत गावातल्या बिनदाताच्या तोंडांसाठी चावण्याचं काम त्यांच्या खांद्यांनी केलं. नाचणीची आंबील, मुगाचं कढण, गव्हाची लापशी, मेतकूट घातलेला गुरगुट्या भात, यांतलं काहीही घ्या. त्यात भरडणं, दळणं, भिजवणं, घोटणं आणि चुलीपाशी थांबणं आहे.

माझ्या आजीचे शेवटचे दात मी शाळेत असताना गेले. तिला कवळी करून दिली होती, पण ती टोचायची, म्हणून वाटीतल्या पाण्यातच राहायची. पान खायचं तर छोट्या खलबत्त्यात कुटून घ्यायची. घरात कुणी आजारी पडलं की मऊ भात तिनेच करायचा, हा नियम होता. तिचं स्वतःचं जेवण मात्र सगळ्यांच्या शेवटी. आम्हाला वाढायला सुरुवात करण्याआधी ती दुधाच्या वाडग्यात भाकरी कुस्करून ठेवायची. आमची पंगत उठेपर्यंत ती भाकरी भिजून मऊ व्हायची. त्यासाठी वेगळं काही शिजवावं लागत नव्हतं, याचं घरात कौतुक होतं. तिची भाकरी मऊ करत होता तो तिच्या वाट पाहण्याचा वेळ, हे मला फार उशिरा दिसलं.

आजीकडे वाट पाहणं होतं. ज्यांच्याकडे सत्ता आणि पैसा होता, त्यांच्याकडे दुसऱ्यांचे हात होते. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण अमेरिकेत सापडतं. जॉर्ज वॉशिंग्टनने १७८९ साली पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली, तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्याच्या कवळ्या लाकडाच्या होत्या ही दंतकथा. खऱ्या कवळ्यांत पाणघोड्याचे दात, शिसं आणि माणसांचे दात होते. त्याच्या जमिनीच्या हिशेबवहीत १७८४ सालची एक नोंद आहे. ‘निग्रोंना’ नऊ दातांचे १२२ शिलिंग दिल्याची.

वॉशिंग्टनची न्याहारी ठरलेली असायची. मक्याच्या पिठाची छोटी धिरडी, लोणी आणि मध यांत बुडवून मऊ केलेली. त्याच्या घरी वाढलेल्या सावत्र नातीने ती आठवण लिहून ठेवली आहे. माउंट व्हर्ननच्या स्वयंपाकघरात गुलाम राबायचे. वॉशिंग्टनचा नामांकित आचारी हर्क्युलिस हाही गुलामच होता, आणि १७९७ साली तो पळून गेला. म्हणजे ज्या वर्गाचे दात विकत घेतले गेले, त्याच वर्गाने ते धिरडं मऊ करून दिलं. दुसऱ्याने चावून देणं ही उपमा इथे जवळजवळ शब्दशः खरी होते.

यानंतर दात काढणं सोपं झालं. १८४४ साली हार्टफर्डचा दंतवैद्य होरेस वेल्स याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. १८४६ साली विल्यम मॉर्टनने ईथर वापरून दात काढला आणि काही दिवसांतच बॉस्टनमध्ये त्याचा जाहीर प्रयोग केला. भूल आली आणि दात उपटण्याची भीती कमी झाली. पुढच्या दशकात कडक रबराच्या स्वस्त कवळ्या आल्या. दुखरा दात वाचवण्यापेक्षा सगळेच काढून कवळी बसवणं लोकांना परवडू लागलं.

त्यात १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने मॉन्ट्रियलला एक भाषण दिलं. किडक्या, बुजवलेल्या दातांखाली साचलेला जंतुसंसर्ग सगळ्या शरीराला आजारी पाडतो, असा त्याचा रोख होता. या विचाराने पुढची दोन-तीन दशकं भारून टाकली. संधिवात असो वा मनोविकार, डॉक्टर दात काढू लागले. १९४८ साली ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा फुकट कवळ्यांसाठी एवढी गर्दी झाली, की १९५१ साली सरकारने कवळ्यांवर शुल्क लावलं. ती सेवा उभी करणारा अन्युरिन बेव्हन याच वादात मंत्रिपद सोडून गेला. १९६८ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये पाहणी झाली, तेव्हा ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता.

अशा देशात मऊ खाणं डब्यात येणारच. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ साली अंडं न लागणारी कस्टर्ड पावडर बनवली, कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. १८९७ साली अमेरिकेत जेलो आली. दूध उकळा, पावडर घाला, थंड करा, झालं. घोटत बसायची गरज नाही. तीच पावडर पुढे आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्रूट कस्टर्डमध्ये शिरली.

भारतात दातांचं पद्धतशीर शिक्षण विसाव्या शतकात सुरू झालं. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात दंतमहाविद्यालय काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंतमहाविद्यालय १९३३ साली सुरू झालं. दंतवैद्यकीचा कायदा १९४८ साली आला. तोवर, आणि अनेक ठिकाणी त्यानंतरही, रस्त्याकडेला चिमटा मांडून बसलेला दात काढणारा हाच गरिबांचा दंतवैद्य होता. त्याच्याकडून कागद मिळत नव्हता. घरी गेल्यावर काय खायचं हे घरातल्या बाईला माहीत असणार, असं गृहीतच होतं.

दवाखान्यातल्या आजच्या कागदाने ते गृहीत तसंच पुढे आणलंय. ‘मऊ, घरचं अन्न घ्या’ असं तो सांगतो. पण आज अक्कलदाढ निघते ती बऱ्याचदा वीस-पंचवीस वयात, म्हणजे नेमकी घर सोडून पुण्या-मुंबईत, बेंगळुरूत खोली घेऊन राहण्याच्या वयात. घर तीनशे किलोमीटरवर असतं. आई फोनवर पाण्याचं माप सांगते. मोबाइलवरून खिचडी मागवता येते, आणि मागवावी. त्यात कमीपणा नाही. फक्त तीही कुणीतरी शिजवलेली आणि कुणीतरी उन्हातून आणून दिलेली असते, आणि त्या दोघांना दात दुखला तर सुट्टी मिळेलच असं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. दात काढायची तारीख ठरवताना मऊ भात करणाऱ्या माणसाचीही तारीख ठरवा. खोलीतल्या मित्राला आदल्या दिवशी सांगा. त्याची दाढ निघेल तेव्हा तुम्ही उभे राहा. मुलगे असाल तर जास्तच, कारण हे काम आजवर आपल्या वाट्याला फारसं आलेलं नाही. आणि घरात कवळी वाटीत ठेवणारं कुणी असेल, तर त्यांचं ताट सगळ्यांच्या आधी वाढा.

कृती अवघड नाही. एक वाटी जुना तांदूळ, मूठभर मुगाची डाळ, सहा वाट्या पाणी, हे जुन्या यवागूचंच माप. पाच-सहा शिट्ट्या होऊ द्या. कुकर आपोआप निवू द्या. पळीने घोटा, मीठ आणि तूप घाला. दात काढल्याच्या दुसऱ्या दिवशी तो कोमट करून द्या, गरम नको. मेतकूट तिसऱ्या दिवसापासून.