पाच पायऱ्यांच्या आधी

परवा ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये 'चेंज मॅनेजमेंट'च्या स्लाईडवर तो ओळखीचा आलेख आला: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. सर्व्हर बदलण्याचं दुःख म्हणे! मूळ शोधायला बसलो आणि शनिवार गेला.

१९६५, शिकागो. धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी, म्हणजे उद्याचे पाद्री, मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्याकडे आले. आयुष्यातल्या संकटांवर त्यांना प्रोजेक्ट करायचं होतं. मरणाइतकं मोठं संकट कुठलं? मग मरणाऱ्यालाच विचारायचं ठरलं. बाई वॉर्डावॉर्डांत फिरल्या, तर डॉक्टर म्हणत, आमच्याकडे मरणारं कुणी नाहीच! एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात..

पुढे हॉस्पिटलचे चॅप्लेन, म्हणजे तिथले पाद्री, कार्ल नाइस्वाँगर या मुलाखतींत सामील झाले. प्रवचन द्यायला नव्हे, ऐकायला. २००हून जास्त पेशंट बोलले, १९६९ मध्ये पुस्तक आलं आणि पायऱ्या जगभर गेल्या. (त्या क्रमानेच येतात असं अजिबात नाही, पण स्लाईडला कोण सांगणार!)

माझ्या डोक्यात मात्र पहिले आजोबा राहिलेत. त्यांना तेव्हाच बोलायचं होतं. बाई म्हणाल्या, उद्या विद्यार्थ्यांना घेऊन येते. दुसऱ्या दिवशी सगळे पोचले, तर आजोबा ऑक्सिजनवर, धड बोलवत नव्हतं. प्रयत्न केलात म्हणून त्यांनी आभार तेवढे मानले. तासाभरात गेले.