खासी कुळनाम व दत्तक

मेघालयातील खासी जमातीच्या रूढ कायद्यातील कुळसदस्यत्व, आडनाव आणि दत्तक यांसंबंधीचे नियम व त्यांवरून उद्भवणारे वाद. खासी समाज मातृवंशीय आहे. मूल जन्मतः आईच्या कुळाचे होते आणि तिच्याच कुळाचे नाव लावते. कुळाला ‘कुर’ म्हणतात. प्रत्येक कुर आपला उगम एका मूळ आजीपासून, म्हणजे ‘का इआवबेई’पासून, सांगतो. एकाच कुरात विवाह करणे ‘सांग’, म्हणजे घोर निषिद्ध. तसे करणाऱ्याच्या अस्थींना कुळाच्या ‘मावबाह’ या सामाईक दगडी अस्थिगृहात जागा मिळत नसे. सोयरीक कोठे जुळू शकत नाही, हे आडनावावरूनच कळते.

दत्तक : कुळाची वारसागत मालमत्ता धाकट्या मुलीकडे, ‘का खाद्दुह’कडे, जाते. घरातील धार्मिक कृत्ये व आईवडिलांचा सांभाळ तिच्याकडे असतो. व्यवहारात मामाचा शब्द महत्त्वाचा असतो. घरात एकही स्त्री वारस उरली नाही, तर घर ‘इआप दुह’ झाले, म्हणजे बुडाले, असे समजतात. ते टाळण्यासाठी त्याच कुळातील दुसऱ्या घरातून मुलगी आणतात. या प्रथेला ‘राप ईंग’ म्हणतात. पूर्वीच्या हिंदू कायद्यात दत्तक घेतला जाई तो मुलगा. येथे वंश चालवते ती मुलगी. पी. आर. टी. गर्डन यांनी ‘द खासीज’ (१९०७) या ग्रंथात या प्रथेची नोंद केली आहे. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा केंद्राच्या अधिसूचनेशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाही; त्यामुळे असे दत्तक रूढीवरच टिकते. लेखी दस्त नसेल, तर कुळाची संमती होती की नाही, हाच वादाचा मुद्दा ठरतो.

नवे कुळ : खासी पुरुष व बिगर-खासी स्त्री यांच्या मुलांना आईकडून कुर मिळत नाही. अशा वेळी ‘तांग-जाइत’ विधी करून त्या स्त्रीपासून नवे कुळ सुरू करतात. ‘खार’ने सुरू होणारी अनेक कुळनामे बाहेरच्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘डखार’ या शब्दाशी जोडली जातात.

वाद : संविधानाच्या सहाव्या अनुसूचीनुसार वारसा, विवाह व सामाजिक रूढी यांवर कायदे करण्याचा अधिकार स्वायत्त जिल्हा परिषदेला आहे, मात्र त्यांना राज्यपालांची संमती लागते. खासी हिल्स परिषदेने १९९७ मध्ये वंशपरंपरेच्या रूढीविषयी कायदा केला. बिगर-खासी पुरुषाशी विवाह करणाऱ्या स्त्रीचा व तिच्या मुलांचा खासी दर्जा काढून घेणारी दुरुस्ती परिषदेने २०१८ मध्ये मंजूर केली, तेव्हा महिला संघटनांनी तिला विरोध केला. याउलट, १९९० मध्ये स्थापन झालेली ‘सिंगखोंग रिम्पेई थिम्माई’ ही पुरुषांची संघटना मुलांना वडिलांचे नाव लावू द्यावे, अशी मागणी करते. वडिलांचे नाव लावणाऱ्याला जमातीचा दाखला द्यायचा का, हा प्रश्न यातूनच पुढे आला.

खासी कोणाला मानायचे, हा प्रश्न पूर्वीही न्यायालयात आला होता. वडील इंग्रज व आई खासी असलेल्या, निवडणुकीतील एका उमेदवाराच्या ‘विल्सन रीड वि. सी. एस. बूथ’ या खटल्यात (१९५८) आसाम उच्च न्यायालयाने केवळ रक्ताच्या शुद्धतेवर बोट ठेवले नाही. त्या व्यक्तीचे आचरण आणि समाजाने तिला दिलेला स्वीकार यांना महत्त्व दिले व तिला खासी मानले.