एल. जे. म्हणजे कोण?

परवा भाचीला घेऊन शिवाजी पार्कहून वांद्र्याला निघालो होतो. दुकानांच्या पाट्या वाचता वाचता तिने विचारलं, "मामा, हा एल. जे. कोण होता रे?"

"होता नाही, होती," मी म्हटलं. "लेडी जमशेदजी." पण पुढे काय सांगायचं? आयुष्यातली निम्मी वर्षं मी या रस्त्याने गेलो, आणि माझी माहिती तिथेच संपत होती! घरी येऊन मग पुस्तकं काढली.

आज माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये काही आहे हे फक्त नाकाला कळतं. लहानपणी लोकलमध्ये आई पदर नाकाला लावायची, म्हणजे खाडी आली. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी ही खाडी म्हणजे मुंबईची वेस होती. अलीकडे माहीम बेट, पलीकडे साष्टी, आणि मध्ये मिठी नदीचं मुख. शहर वाढत होतं, माणसांची जा-ये वाढत होती, आणि सगळा भरवसा होड्यांवर. १८४१ साली वादळात इथे वीसेक होड्या उलटल्या. तरी पुलासाठी कंपनी सरकारची तिजोरी काही उघडेना.

ती उघडली एका बाईने. सर जमशेदजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. १८४३ साली काम सुरू झालं आणि १८४५ साली कॉजवे खुला झाला. अट एकच होती, येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. मला पैशांपेक्षा ही अट मोठी वाटते. पैसे देऊन नाव लावून घेणारे पुष्कळ असतात. पण डोक्यावर पाटी घेऊन वांद्र्याहून येणाऱ्या बाईला रोज किती पैसे मोजावे लागतील, याचा विचार बंगल्यात राहणाऱ्या बाईने केला.

पुढे १८६४ मध्ये रेल्वेही इथून खाडी ओलांडून गेली आणि वांद्रे मुंबईला जोडलं गेलं ते कायमचंच. २००९ मध्ये शेजारीच समुद्रात सी-लिंक झाला. देखणा आहे, पण तिथे टोल आहे. कॉजवेवर आजही नाही.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट छान संपली असती. पण २६ जुलै २००५ विसरता येत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी ऑफिसातून निघालो तो दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचलो, आणि वाटेत हाच कॉजवे चालत ओलांडला. तोवर मिठी ही नदी आहे हेच आमच्यापैकी कित्येकांना ठाऊक नव्हतं! मुखाशी बांध घातला, १८६० मध्ये उगमाकडे विहारचं धरण झालं, नंतर दोन्ही काठांवर भराव पडत गेले. प्रत्येक वेळी कुणाची ना कुणाची सोय होत होती. नदी मात्र आक्रसत गेली.

मग आवाबाईंचं चुकलं का? मला तसं वाटत नाही. त्यांनी डोळ्यांसमोर बुडणारी माणसं पाहिली आणि रस्ता केला. नदीकडे लक्ष ठेवण्याचं काम नंतर आलेल्यांचं होतं, म्हणजे आपलंच. त्यांनी आपल्याला फुकट रस्ता दिला, आणि आपण रस्ता तेवढा वापरला, खालचं पाणी विसरलो.

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग पाटीवर पूर्ण नाव का नाही लिहीत?"

खरंच, का नाही लिहीत? निदान मी तरी यापुढे कंडक्टरकडे तिकीट मागताना पूर्ण नाव घ्यायचं ठरवलंय. त्याला कळलं नाही तर सांगेन. तेवढीच परतफेड.