वाइन रॅक घेताय? आधी बाटलीचं बूच बघा!

वाइनची बाटली आडवी का ठेवतात? बूच ओलं राहावं म्हणून. ते सुकलं की आकसतं, हवा आत शिरते आणि वाइन बिघडते. स्क्रू कॅपची बाटली मात्र उभी ठेवली तरी चालते.

रॅकचे खण मोजून घ्या. ७५० मिलीची साधी बाटली साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद असते. स्पार्कलिंग वाइनची त्याहून जाड, ती अरुंद खणात जातच नाही. भरलेल्या १२ बाटल्या म्हणजे १५ किलोंच्या आसपास वजन, त्यामुळे उंच रॅक भिंतीला पक्का करा. लाकूड की लोखंड, ही फक्त आवड.

फ्रिजवर रॅक नको, तिथे उष्णता आणि थरथर दोन्ही असतात. वर्षानुवर्षं ठेवायची तर तापमान १२-१३ अंश हवं. नागपूरच्या मे महिन्यात ते रॅकला जमणारं नाही, वाइन कूलरच लागेल.