कानशीपासून लेझरपर्यंत: मुतखड्याची भुकटी

‘लेझरने मुतखडा काढा, टाके नाहीत’ अशा पाट्या आज तालुक्याच्या गावीही दिसतात. त्या वाचून अनेकांना वाटतं, की बाहेरून किरण सोडला आणि आत खडा विरघळला. बाहेरून खडा फोडणारं यंत्र आहे खरं, १९८० साली म्युनिकमध्ये ते पहिल्यांदा रुग्णावर वापरलं गेलं. पण त्यात लेझर नसतो, आघातलहरी असतात. लेझर आत, अगदी खड्याजवळ न्यावा लागतो. तिथवर तो कसा पोचला, ही आजची गोष्ट. ती मी लखनौपासून सुरू करतो.

साल १७८२. क्लॉड मार्टिन हा मूळचा फ्रान्सच्या लियाँ शहरातला, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी आणि अवधच्या नवाबाच्या शस्त्रागाराचा प्रमुख. लखनौ आणि कोलकात्यातली ‘ला मार्टिनिएर’ विद्यालयं ज्याच्या मृत्युपत्रातून उभी राहिली, तोच हा. त्याच्या मूत्राशयात खडा झाला. तेव्हा उपाय एकच होता: गुदद्वाराच्या पुढच्या भागात चीर देऊन खडा बाहेर काढायचा. सुश्रुतसंहितेत ही शस्त्रक्रिया सविस्तर दिली आहे, पण औषधं थकल्यावरचा अखेरचा उपाय म्हणूनच. मार्टिनच्या काळीही भूल नव्हती, आणि नंतर पू होऊन माणसं दगावत.

मार्टिनने चीर नाकारली. तारेसारखी बारीक कानस करून घेतली, ती नळीवाटे मूत्रमार्गातून आत घातली आणि स्वतःच खडा घासायला बसला. कधी दिवसातून बारा वेळा, असं जवळजवळ सहा महिने. भुकटी लघवीवाटे पडत गेली आणि खडा संपला.

ही हकीकत विक्षिप्तपणाची म्हणून सांगितली जाते. मला ती फार नेमकी वाटते. शरीराची स्वतःची वाट वापरायची, खड्याची भुकटी करायची आणि ती वाहून जाऊ द्यायची, हे आजच्या लेझर शस्त्रक्रियेचं सूत्र त्यात पूर्ण आहे. मात्र मार्टिनकडे एक गोष्ट होती जी कुठल्याही शल्यविशारदाकडे नसते: स्वतःची वेदना. कानस खड्याला लागली की मांसाला, हे त्याला लगेच कळत होतं. दुसऱ्याच्या शरीरात हे कसं कळणार? पुढचा सगळा इतिहास माझ्या मते ह्या एका प्रश्नाचा आहे.

१८२४ साली पॅरिसमध्ये झाँ सिव्हियालने मूत्रमार्गातून अवजार घालून खडा फोडून दाखवला. पुढे त्याने आकडे मांडले: चीर देण्याच्या पद्धतीत शेकडा अठराहून अधिक मृत्यू, ह्या पद्धतीत दोनच्या आसपास. फरक प्रचंड होता. तरी काम हाताच्या अंदाजानेच चाले, आणि तेही मूत्राशयापुरतं. मूत्रपिंडापर्यंतची वाट अरुंद आणि वळणाची.

त्या वळणापलीकडे बघायची सोय काचेच्या तंतूंनी केली. १९५४ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी ह्यांनी लवचीक तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेता येतं, हे ‘नेचर’मध्ये मांडलं. लवचीक दुर्बिणी त्यातूनच पुढे आल्या.

लेझर जन्मला १९६० मध्ये, माणकाच्या स्फटिकातून. १९६८ साली मुलव्हेनी आणि बेक ह्यांनी माणकाचा लेझर खड्यांवर वापरून पाहिला. खडे फुटले, पण उष्णता इतकी, की रुग्णात वापरण्याची सोय नव्हती. १९६४ साली कार्बन डायऑक्साइड लेझर शोधणारे कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मलेले. तो लेझर ताकदवान, पण त्याचा प्रकाश साध्या काचतंतूतून जात नाही, म्हणून मूत्रपिंडातल्या खड्याला त्याचा उपयोग नाही. खडा फोडायची ताकद केव्हाच हाती आली होती. अडलं होतं ते ती आत नेण्यावर आणि आवरण्यावर.

ते जमलं १९९०च्या दशकात, होल्मियम लेझरने. त्याचा प्रकाश पाणी चटकन शोषून घेतं. शस्त्रक्रियेत मूत्रपिंडात सतत सलाइन वाहत असतं, त्यामुळे तंतूच्या टोकापुढे जेमतेम अर्धा मिलिमीटर सोडला की प्रकाशाचा जोर संपतो. टोकाशी असेल तो खडा फुटतो, थोडं दूर असलेलं मांस वाचतं. मार्टिनला वेदनेने जे कळत होतं, ते इथे दुर्बीण आणि पाणी मिळून सांभाळतात. अलीकडे आलेला थुलियम फायबर लेझर पाण्यात आणखी सुमारे चौपट शोषला जातो आणि भुकटी फार बारीक करतो. गुजरातेत नडियादच्या मूत्ररोग रुग्णालयातही त्याचा अभ्यास झाला आहे.

उष्णतेचा धोका मात्र १९६८ पासून आजवर सुटलेला नाही. ताकद वाढवली आणि पाण्याचा प्रवाह कमी पडला, तर आतलं पाणीच तापतं. ते ४३ अंशांवर गेलं तर पेशींना इजा होऊ शकते. म्हणून ‘तुमच्याकडे कितीचा लेझर आहे?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. खडा कुठे आहे, केवढा आहे, आपोआप पडण्यासारखा आहे का, हे आधी विचारा. आणि आत नळी, म्हणजे डीजे स्टेंट, ठेवली असेल तर ती काढायची तारीख लिहून घ्या. विसरलेल्या स्टेंटवरच पुन्हा खडा जमतो.

खडा होण्याची प्रवृत्ती लेझरने जात नाही. त्यासाठी दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी होईल इतकं पाणी प्यावं लागतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती प्यायचं, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.